विषय-ओळीवरून लेखांची निवड : यूजनेटच्या वाचकाची गाळणी आणि तिच्या मर्यादा

शियाळी रामामृत रंगनाथन ह्यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली, त्यांतील चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचविण्यासंबंधीचे आहे. ग्रंथालयात ह्या सूत्राचे पालन ग्रंथपालाकडे सोपविलेले असते. ग्रंथ वाचकाच्या हाती येण्यापूर्वीच त्याची निवड, वर्गीकरण आणि सूचिलेखन झालेले असते. परंतु जेथे ग्रंथपालच नाही, लेखनाचा ओघ अखंड चालू आहे आणि कोणीही कोणत्याही शीर्षकाखाली काहीही लिहू शकतो, तेथे हे सूत्र पाळावयाचे कोणी? संगणकजालावरील यूजनेट ह्या सार्वजनिक चर्चाव्यवस्थेत हा प्रश्न विसाव्या शतकाच्या नवव्या दशकातच उभा राहिला, आणि त्याचे उत्तर तेथील वाचकांनी आपापल्यापुरते शोधले. लेखाच्या विषय-ओळीवरून नको असलेले लेख दृष्टीआड करणारी गाळणी हे ते उत्तर होय. ह्या गाळणीची रचना, तिची उपयुक्तता आणि विशेषतः तिच्यामुळे होणारी, पण वाचकाच्या ध्यानात न येणारी हानी ह्यांचा विचार येथे करावयाचा आहे.

१. व्यवस्थेची रचना

यूजनेटची कल्पना १९७९ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस ह्या दोन पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी मांडली. शेजारच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील स्टीव्ह बेलोविन ह्यांनी तिच्यासाठी पहिली आज्ञावली लिहिली, आणि १९८० पासून ती व्यवस्था प्रत्यक्षात आली. तिचे वैशिष्ट्य असे की तिला मध्यवर्ती कचेरी नाही. एखाद्या सर्व्हरवर आलेला लेख तो सर्व्हर आपल्या शेजारच्या सर्व्हरांना देतो, ते तो पुढे देतात, आणि अशा रीतीने लेख सर्वत्र पसरतो. प्रत्येक लेखाला मेसेज-आयडी नावाची स्वतंत्र खूण असते. तिच्यामुळे एकच लेख पुन्हा आला तर सर्व्हर तो ओळखून नाकारू शकतो.

लेखांची पहिली विभागणी वार्तासमूहांनी होते. १९८६-८७ मध्ये समूहांच्या नावांची फेररचना होऊन कॉम्प, मिस्क, न्यूज, रेक, साय, सोक आणि टॉक अशा सात मुख्य शाखा ठरल्या. समूहाचे नाव व्यापकाकडून विशिष्टाकडे जाते, ‘सोक.कल्चर.इंडियन.मराठी’ ह्या नावात समाज, संस्कृती, भारतीय आणि मराठी अशा चार पायऱ्या दिसतात. ग्रंथालयातील वर्गांकाशी ह्याचे साम्य उघड आहे. भेद इतकाच की येथे ग्रंथ कोणत्या फळीवर ठेवावयाचा हे ग्रंथकारच ठरवितो.

दुसरी खूण लेखाच्या शीर्षभागात असते. डिसेंबर १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आरएफसी १०३६’ ह्या विनिर्देशाने प्रत्येक लेखाला लेखकाचे नाव, दिनांक, समूह, विषय, मेसेज-आयडी आणि प्रवासाचा मार्ग ह्या सहा ओळी आवश्यक ठरविल्या. उत्तरादाखल लिहिलेल्या लेखात पूर्वीच्या लेखांच्या मेसेज-आयडी सांगणारी ‘रेफरन्सेस’ ही ओळही असावी लागते, आणि उत्तराच्या विषयापूर्वी ‘री’ हा संकेत जोडला जातो.

गाळणीसाठी विषय-ओळच प्रथम का निवडली गेली, ह्याचे कारण काही अंशी आर्थिक आहे. संपूर्ण लेख उघडून तपासणे संथ दूरध्वनिवाहिन्यांच्या काळात फार खर्चाचे होते. पुढे सर्व्हरांनी प्रत्येक समूहाचा एक संक्षिप्त गोषवारा ठेवण्याची पद्धत स्वीकारली. त्यात विषय, लेखक, दिनांक, मेसेज-आयडी, रेफरन्सेस, लेखाचा आकार आणि ओळींची संख्या एवढेच असते. वाचकाचा न्यूजरीडर हा गोषवारा एकदा मागवितो आणि एकाही लेखाचा मजकूर न उघडता शेकडो लेखांची निवड करतो. म्हणजे जी माहिती स्वस्त होती तिच्यावरून निर्णय घेतला गेला. ती माहिती निर्णयाला पुरेशी होती काय, हा वेगळा प्रश्न आहे.

२. किल फाईल

लॅरी वॉल ह्यांनी १९८४ साली ‘आरएन’ हा न्यूजरीडर प्रसिद्ध केला. त्यातील एका साध्या सोयीने ‘किल फाईल’ ही संज्ञा यूजनेटच्या बोलीत रूढ केली. वाचताना लहान ‘के’ हे अक्षर दाबले असता चालू लेखाच्या विषयाचे सर्व लेख वाचलेले म्हणून नोंदले जात. मोठे ‘के’ दाबले असता तेच होई, आणि शिवाय तो विषय त्या समूहाच्या किल फाईलीत लिहिला जाई. पुढच्या खेपेस वाचक समूहात शिरताच आज्ञावली ती फाईल वाचून जुळणारे लेख आधीच बाजूला काढी. प्रत्येक समूहाला स्वतंत्र फाईल ठेवता येई आणि सर्व समूहांना लागू असणारी एक सामाईक फाईलही ठेवता येई. नियमात अन्यथा सांगितले नसेल तर जुळणी केवळ विषय-ओळीशी होई, व ती लहानमोठ्या रोमन अक्षरांत भेद करीत नसे.

ह्या योजनेतील एक तत्त्व ध्यानात घेण्यासारखे आहे. लेख नष्ट होत नाही. तो केवळ एका वाचकापुरता अदृश्य होतो. लेखकाच्या लिहिण्याच्या हक्कावर त्यामुळे मर्यादा येत नाही, व इतर वाचकांनाही त्याचा उपसर्ग होत नाही. संपादित समूहांत लेख प्रसिद्ध होण्यापूर्वी संपादकाची संमती लागते. तेथे एकाचा निर्णय सर्वांना लागू होतो. किल फाईलीत प्रत्येकाचा निर्णय त्याच्यापुरताच राहतो.

एप्रिल १९९४ मधील एक घटना ह्या गाळणीच्या सामर्थ्याचा नमुना म्हणून सांगता येईल. अमेरिकेतील दोन वकिलांनी ग्रीन कार्डाच्या सोडतीची जाहिरात हजारो समूहांत टाकली. एकच लेख अनेक समूहांना जोडलेला असता तर न्यूजरीडरने तो एकदा दाखवून पुढे वगळला असता. परंतु येथे प्रत्येक समूहात स्वतंत्र प्रत टाकलेली असल्याने ती जाहिरात वाचकासमोर समूहागणिक पुन्हा पुन्हा आली. मात्र विषय-ओळ सर्वत्र तीच होती. सामाईक किल फाईलीतील एकच नियम अशा वेळी पुरेसा ठरतो. परंतु त्याच कारणाने तो उपाय टिकाऊ नव्हता : विषय-ओळ बदलली की नियम निष्फळ होतो, आणि ती बदलण्यास जाहिरातदाराला काहीच खर्च येत नाही.

३. दिसणारी चूक आणि न दिसणारी चूक

गाळणीच्या गुणदोषांची मोजणी करण्यासाठी माहितीशोधाच्या शास्त्राने दोन मापे दिली आहेत. इंग्लंडमधील क्रॅनफील्ड येथे सिरिल क्लेव्हर्डन ह्यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस आरंभिलेल्या आणि १९६० च्या दशकात पूर्ण केलेल्या प्रयोगांमुळे ती मापे प्रतिष्ठा पावली. निवडलेल्यांपैकी योग्य किती, हे पहिले माप. त्यास अचूकता म्हणता येईल. योग्य असलेल्यांपैकी निवडले गेले किती, हे दुसरे. त्यास व्याप्ती म्हणता येईल.

समजा, एका समूहात ३०० लेख आले असून त्यांतील ६० लेख वाचकाला नको असलेल्या वादाचे आहेत. त्याच्या नियमाने ५० लेख लपविले. त्यांतील ४० खरोखर त्या वादाचे होते आणि १० त्याला हवे असलेले होते. नियमाची अचूकता ८० टक्के आणि व्याप्ती सुमारे ६७ टक्के झाली. आता वाचकाच्या पडद्यावर २५० लेख आहेत. त्यांत सुटून आलेले २० नकोसे लेख त्याला दिसतात व ते त्याला त्रास देतात. लपलेले १० हवेसे लेख मात्र त्याला दिसत नाहीत, आणि म्हणून त्यांचा त्रासही होत नाही.

गाळणीच्या व्यवहारातील खरी अडचण ह्या असमानतेत आहे. एका प्रकारची चूक दररोज तक्रार करते. दुसऱ्या प्रकारची चूक कधीच करीत नाही. त्यामुळे वाचक नियम सुधारावयास बसतो तेव्हा तो जवळजवळ नेहमी नियम रुंद करतो. अरुंद करण्याचे कारण त्याच्यासमोर येतच नाही. वर्षानुवर्षे वाढत गेलेली किल फाईल वाचकाला समाधान देते, कारण त्याचा पडदा स्वच्छ दिसतो. परंतु ती स्वच्छता कशाच्या मोबदल्यात मिळाली हे त्याला पडदा सांगत नाही. संशोधकाच्या बाबतीत ही हानी अधिक गंभीर होय, कारण त्याला उपयोगी पडणारी गोष्ट पुष्कळदा त्याने ज्या शब्दाखाली शोधलेली नसते अशाच शब्दाखाली आढळते.

४. विषय-ओळ आणि विषय

ही चूक मुळात होते का? विषय-ओळ म्हणजे लेखाचा विषय नव्हे. लेखकाने लिहिताना दिलेले ते एक नाव आहे. उत्तर देणारा तर बहुधा तेही देत नाही. न्यूजरीडर जुनी ओळ आपोआप पुढे नेतो. चर्चा आज्ञावलीच्या एका दोषापासून सुरू होऊन भाषाशुद्धीवर येते आणि तेथून शिक्षणपद्धतीकडे वळते. विषय-ओळ मात्र पहिलीच राहते. अशा वेळी त्या ओळीवरून गाळणी करणारा वाचक विषय गाळत नसतो, तर एक संभाषण गाळत असतो, आणि त्या संभाषणात आता काय चालले आहे ह्याची त्याला कल्पना नसते.

दक्ष लेखकांनी ह्यावर एक संकेत काढला. विषय बदलला की नवी ओळ लिहावयाची आणि कंसात ‘वॉज’ असे म्हणून जुनी ओळ द्यावयाची. हा संकेत वाचकाच्या सोयीसाठी होता. परंतु साध्या गाळणीने तो उलटा केला. नियम ओळीत कोठेही जुळणी शोधत असेल, तर कंसातील जुन्या शब्दांमुळे नवा लेखही लपविला जातो. विषय बदलल्याचे ज्याने प्रामाणिकपणे सांगितले, त्याचाच लेख अशा रीतीने मारला जातो. जुळणी ओळीच्या आरंभाशी बांधली तर हा दोष टळतो. तेव्हा आरंभीचा ‘री’ मात्र वैकल्पिक ठेवावा लागतो. आणि काही आज्ञावल्या त्याच्या जागी जर्मन किंवा स्वीडिश संक्षेप घालीत असल्याने त्यांचीही तरतूद करावी लागते.

ह्यावरून एक व्यावहारिक भेद निष्पन्न होतो. एखादा विषय नको असेल तर विषय-ओळीवर नियम करावा. एखादे संभाषण नको असेल तर रेफरन्सेस ह्या ओळीवर करावा. पहिल्या लेखाची मेसेज-आयडी उत्तरांच्या रेफरन्सेसमध्ये सहसा टिकून राहते. त्यामुळे विषय-ओळ कितीही बदलली तरी संभाषणाचा धागा ओळखता येतो. आरएनपासून वेन डेव्हिसन ह्यांनी तयार केलेल्या ‘टीआरएन’ ह्या न्यूजरीडरने ह्याच ओळीच्या आधारे लेखांची वंशवृक्षासारखी मांडणी केली. विषय आणि संभाषण ह्या दोन भिन्न वस्तू आहेत, हे त्या मांडणीत डोळ्यांना दिसू लागले.

५. शब्दांची जुळणी आणि मराठी मजकूर

नियम शब्दाचा अर्थ जाणत नाही; तो अक्षरांची मालिका जुळवितो. ‘कर’ ह्या शब्दाने करविषयक लेख गाळावयास गेले असता ‘लवकर’, ‘शंकर’ आणि कितीतरी आडनावेही गळतात. मराठीत विभक्तिप्रत्ययांपूर्वी शब्दाचे रूप बदलत असल्याने अडचण वाढते. ‘पाणी’ हा नियम ‘पाण्याचा प्रश्न’ ह्या ओळीला जुळत नाही. दोन्ही रूपांना समान असलेला ‘पाण’ हा अंश घेतला तर ‘पाणबुडी’ही जाळ्यात येते. अरुंद नियम व्याप्ती गमावतो आणि रुंद नियम अचूकता गमावतो, हे तत्त्व येथे शब्दाच्या एका अक्षरात दिसून येते.

१९९० च्या दशकात ‘सोक.कल्चर.इंडियन.मराठी’ ह्या समूहात मराठी मजकूर रोमन लिपीत लिहिला जाई, तेव्हा प्रश्न वेगळा होता. दीर्घ ‘आ’ कोणी एका रोमन अक्षराने लिही, कोणी दोन अक्षरांनी. अविनाश चोपडे ह्यांच्या आयट्रान्स पद्धतीत ‘त’साठी लहान आणि ‘ट’साठी मोठे अक्षर, तसेच ‘न’साठी लहान आणि ‘ण’साठी मोठे अक्षर वापरतात. लहानमोठ्या अक्षरांत भेद न करण्याची न्यूजरीडरची पद्धत इंग्रजीला सोयीची होती. तिने ह्या लेखनातील दंत्य व मूर्धन्य वर्ण एक करून टाकले असते.

देवनागरी विषय-ओळींची अडचण आणखी खोल आहे. शीर्षभागात मुळात केवळ मूलभूत रोमन चिन्हांना स्थान होते. १९९६ च्या ‘आरएफसी २०४७’ ह्या विनिर्देशाने टपालाच्या शीर्षभागातील इतर लिप्यांचा मजकूर रोमन चिन्हांत संकेतबद्ध करण्याची रीत ठरविली, आणि तीच रीत यूजनेटवरही आली. ह्या रीतीच्या एका प्रकारात मजकुराचे तीन-तीन बाइट घेऊन त्यांची चार-चार चिन्हे बनवितात. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचे असते. परंतु शब्दांमधील रिकामी जागा एकाच बाइटाची असते. परिणामी एकच शब्द ओळीतील आपल्या स्थानाप्रमाणे तीन भिन्न चिन्हमालिकांनी लिहिला जाऊ शकतो. संकेतबद्ध ओळीवर चालविलेला नियम म्हणून विश्वसनीय नसतो. न्यूजरीडरने ती आधी उलगडली पाहिजे.

उलगडल्यानंतरही एक सूक्ष्म भेद उरतो. ‘ऱ्या’ हे जोडाक्षर युनिकोडात ‘ऱ’ला हलन्तचिन्ह जोडून लिहितात, तसेच साध्या ‘र’ला हलन्तचिन्ह आणि त्यापुढे शून्य रुंदीचा जोडक देऊनही लिहितात. पडद्यावर दोन्ही रूपे सारखी दिसतात. जुळणी करणाऱ्या आज्ञावलीला ती निराळी वाटतात. ‘शेतकऱ्यांचे प्रश्न’ ह्या विषयावरचा नियम एका लेखकाचे लेख गाळील आणि दुसऱ्याचे सोडून देईल, आणि ह्याचे कारण ओळीकडे कितीही वेळ पाहिले तरी वाचकाला सापडणार नाही.

६. गुणांकनाचा मार्ग

किल फाईलीचा निर्णय हो किंवा नाही असाच असतो. पुढील न्यूजरीडरांनी ह्या जागी गुणांकन आणले. प्रत्येक नियम लेखाला काही धन किंवा ऋण गुण देतो. सर्व नियमांची बेरीज होऊन लेखाचे स्थान ठरते. विषय नावडता असला तरी लेखक विश्वासू असेल तर त्याचे धन गुण विषयाच्या ऋण गुणांना भारी पडू शकतात. जॉन डेव्हिस ह्यांच्या ‘एसएलआरएन’ ह्या न्यूजरीडरमध्ये उणे ९९९९ गुणांपर्यंत उतरलेला लेख लपविला जातो. त्याहून कमी दोषाचे लेख केवळ मागे पडतात. मागे पडलेला लेख अदृश्य नसतो, आणि म्हणून त्याच्याविषयीची चूक सुधारता येते.

दुसरी सुधारणा कालमर्यादेची. ‘एनएन’ ह्या न्यूजरीडरने नियमाला आयुष्य दिले. वाचकाने वेगळे सांगितले नाही तर तो ३० दिवसांनी संपे. मासानोबु उमेदा ह्यांनी आरंभिलेल्या आणि लार्स माग्ने इंगेब्रिग्टसेन ह्यांनी नव्याने लिहिलेल्या ‘ग्नूस’मध्ये तात्पुरता नियम सात दिवस कशालाही जुळला नाही तर आपोआप गळून पडतो, जुळत राहिला तर टिकतो. वाद संपला की नियम संपावा, ही अपेक्षा ह्या योजनेत स्पष्ट दिसते. ग्नूसमध्ये आणखी एक सोय अशी की वाचकाने कोणते लेख वाचले आणि कोणते न वाचता टाकले ह्यावरून आज्ञावली स्वतःच त्या विषयांचे व लेखकांचे गुण कमीअधिक करू शकते. तथापि ह्या सोयीतही पूर्वोक्त असमानता आहेच : जे समोर आले नाही त्याविषयी वाचकाचे वर्तन काहीच सांगत नाही.

१९९४ साली मांडलेल्या ‘ग्रुपलेन्स’ ह्या प्रयोगाने वेगळी दिशा धरली. वाचकांनी लेखांना गुण द्यावेत, आणि ज्यांची आवड पूर्वी जुळली अशा वाचकांच्या गुणांवरून नव्या लेखाचा अंदाज बांधावा, अशी ती पद्धती होती. शब्दांच्या जुळणीची जागा येथे अभिरुचीच्या जुळणीने घेतली, आणि विषय-ओळ फसवी असली तरी निर्णय फसला नाही. मात्र वाचकाने स्वतः लिहिलेला नियम त्याला वाचता येत होता व खोडता येत होता. दुसऱ्यांच्या पसंतीतून गणिताने निघालेला निर्णय त्याला तसा तपासता येत नाही.

७. समारोप

गूगल ग्रूप्सने फेब्रुवारी २०२४ मध्ये यूजनेटवरील नवे लेख घेणे व दाखविणे थांबविले; जुन्या लेखांचा तेथील संग्रह मात्र वाचनासाठी ठेवला. तो संग्रह वापरणाऱ्या संशोधकाने एक सावधगिरी बाळगली पाहिजे. संग्रहात सर्व लेख सलग दिसतात. परंतु त्या काळच्या कोणत्याही वाचकाने ते तसे वाचले असतील असे नाही. प्रत्येकाच्या किल फाईलीने त्याच्यापुरता एक निराळा समूह घडविला होता, आणि त्या फाईली संग्रहात नाहीत. एखाद्या लेखाला उत्तर आले नाही ह्याचा अर्थ तो दुर्लक्षणीय मानला गेला असा नव्हे. तो पुष्कळांना दिसलाच नसेल, असेही संभवते.

गाळणी ही आवश्यकता आहे, ह्यात संशय नाही; तिच्यावाचून मोठ्या समूहात वाचन अशक्य होते. परंतु ती लेखाचा मजकूर न पाहता त्याच्या नावावरून निर्णय करते, आणि तिची मोठी चूक वाचकाला दिसत नाही, ह्या दोन गोष्टींवरून तिच्या वापराचे नियम ठरतात. नियम ओळीच्या आरंभाशी बांधलेला व शक्य तितका अरुंद असावा. त्याला कालमर्यादा असावी. लपविण्यापेक्षा मागे सारण्यास प्राधान्य द्यावे. संभाषण आणि विषय ह्यांच्यासाठी भिन्न साधने वापरावीत. आणि अधूनमधून, गाळणी काढून, ती काय गाळीत होती हे एकदा पाहावे. वाचकाचा वेळ वाचविणे हे रंगनाथनांचे चौथे सूत्र होय. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक ही दुसरे व तिसरे सूत्र त्याच्या आधी येतात, ह्याचे विस्मरण गाळणी लिहिणाऱ्याने होऊ देऊ नये.